मर्लिनची दंतकथा वगळली, तर कार्मार्दनच्या साहित्यिक जीवनात काय उरते?

पानोपानी यांचा प्रश्न

वेल्समधील साहित्याशी नाते असलेल्या गावांविषयी आमच्या वाचनगटासाठी एक टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हे-ऑन-वाय आणि लार्न या दोन ठिकाणांबद्दल लिहिणे अवघड गेले नाही. पहिले गाव १९६० च्या दशकापासून जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळे आणि पुढे १९८८ मध्ये सुरू झालेल्या महोत्सवामुळे जगभर माहीत झाले. दुसऱ्या गावात डिलन टॉमस आयुष्याची अखेरची वर्षे खाडीकाठच्या एका घरात राहिला, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. माझी अडचण होते ती कार्मार्दनपाशी. टॉवी नदीकाठचे हे शहर रोमन काळापासून वसलेले आहे आणि वेल्समधील सर्वांत जुन्या शहरांत त्याची गणना होते. तरीही प्रवासाच्या पुस्तकांत साहित्याच्या नावाखाली त्याच्याबद्दल मर्लिन जादूगाराची गोष्ट आणि त्याच्या नावाचे एक ओकचे झाड यांपलीकडे फारसे काही सापडत नाही.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मर्लिनचा या शहराशी असलेला संबंध खरोखर जुना आहे, की तो नंतर कोणी जोडला? आणि ती दंतकथा बाजूला ठेवली, तर ज्याला साहित्यिक जीवन म्हणता येईल असे काही या शहरात घडले आहे का? एखाद्या मोठ्या लेखकाचे घर, त्याचे टेबल, त्याची कबर असे काही मला सापडले नाही, आणि त्यामुळे हे शहर टिपणातून वगळावे की काय, असा विचार मनात येतो आहे.

शाईदौत यांचे उत्तर

वगळू नका. मात्र मोठ्या लेखकाचे घर शोधणेही सोडून द्या, कारण त्या कसोटीवर हे शहर नापासच होईल. कार्मार्दनने वेल्श साहित्याला थोर लेखक फारसे दिले नाहीत. त्या साहित्याची लेखी नोंद, त्याचे नियम आणि त्याची छपाई यांतील पुष्कळ कामे मात्र या शहरात किंवा त्याच्या वेशीवर झाली. पहिल्या कामाबद्दल मी लिहितो, म्हणजे मर्लिनचे उत्तरही त्यातच येईल.

शहराच्या पूर्वेस सेंट जॉन आणि सेंट टेलिडोग यांच्या नावाचा ऑगस्टिनियन पंथाचा मठ होता. १२५० च्या सुमारास तयार झालेली एक हस्तलिखित पोथी परंपरेने या मठाशी जोडली जाते. बांधणीच्या रंगावरून तिला ‘कार्मार्दनचा काळा ग्रंथ’ असे नाव पडले. केवळ वेल्श भाषेत लिहिलेल्या उपलब्ध हस्तलिखितांपैकी सर्वांत जुन्या पोथ्यांमध्ये ती मोडते, आणि वेल्श कवितेचा इतका जुना संग्रह दुसरा नाही. पोथी लहान आहे. चर्मपत्राची ५४ पाने, म्हणजे १०८ पृष्ठे, आणि आकार सहज एका हातात मावेल एवढा. अक्षर एकाच लेखकाचे आहे, परंतु ते पानागणिक लहानमोठे होत जाते, सुरुवातीला ऐसपैस आणि पुढे दाट. त्यावरून त्याने हे काम बऱ्याच वर्षांत, हाती येईल ते उतरवून घेत केले असावे, असे अभ्यासक मानतात. राजाच्या आज्ञेने किंवा धनिकाच्या पैशाने तयार झालेल्या देखण्या ग्रंथाचा थाट तिच्यात नाही. एका माणसाला कविता आवडत होत्या आणि त्याच्याकडे चर्मपत्र होते, असेच ती चाळताना वाटत राहते.

पोथीची सुरुवातच मर्दिन आणि वेल्श परंपरेतला प्राचीन कवी टॅलिएसिन यांच्या पद्यसंवादाने होते. मर्दिन हे मर्लिनचे वेल्श नाव. मात्र या कवितांमधला मर्दिन राजाच्या दरबारातला जादूगार नाही. ५७३ च्या सुमारास उत्तरेकडे झालेल्या आर्वदेरिदच्या लढाईत त्याचा स्वामी मारला गेला, त्या धक्क्याने त्याचे भान हरपले आणि तो आजच्या स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील अरण्यात लपून राहू लागला, अशी ती कथा आहे. तेथे तो एका सफरचंदाच्या झाडाशी बोलतो, एका डुकराच्या पिलाशी बोलतो, थंडीबद्दल कुरकुर करतो आणि मधूनमधून भविष्यही सांगतो. कार्मार्दनशी या माणसाचा काहीएक संबंध कवितांमधून दिसत नाही.

तो जोडला गेला नावामुळे. रोमनांनी या ठिकाणाला मोरिडुनम, म्हणजे समुद्राजवळचा किल्ला, असे नाव दिले होते. ते झिजत झिजत मर्दिन झाले, त्याचा मूळ अर्थ लोक विसरले आणि किल्ल्याला ज्याचे नाव मिळाले तो मर्दिन कोणीतरी मोठा पुरुष असला पाहिजे, असा समज रूढ झाला. सुमारे ११३६ मध्ये मॉन्मथच्या जेफ्रीने ब्रिटनच्या राजांचा लॅटिन इतिहास लिहिला. त्यात राजा व्हॉर्टिगर्नच्या दूतांना बाप नसलेला मुलगा मर्लिन याच शहरात सापडतो, असे त्याने सांगितले आणि मग युरोपभर ती गोष्ट पसरली. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की संबंध जोडलेलाच आहे, पण जोडल्यालाही नऊशे वर्षे होत आली. ओकच्या झाडाची कथा त्यामानाने अगदी अलीकडची. ते सतराव्या शतकात लावले गेले असे सांगतात. झाड पडले की शहर बुडेल, अशी म्हण होती. झाड एकोणिसाव्या शतकातच मेले, खुंट १९७८ मध्ये हलवला आणि शहर जागच्या जागी आहे.

त्या पोथीत मर्दिनपेक्षाही मला अधिक मोलाची वाटते ती वीरांच्या कबरींविषयीच्या कडव्यांची मालिका. कोणता योद्धा कुठे पुरला आहे, नदीकाठी, टेकडीवर, लाटांच्या आवाजात, एवढेच ती तीन ओळींच्या कडव्यांतून सांगत जाते, आणि आर्थरपाशी आल्यावर त्याची कबर कुठे आहे हे या जगात कोणाला उमगणे कठीण, असे म्हणून पुढे निघून जाते. आर्थरविषयी नंतर जे हजारो पानांचे लिखाण झाले, त्याच्यापुढे हे एक कडवे मला भारी वाटते.

मठ सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात बंद झाला. मठांची मालमत्ता मोजायला नेमलेल्या अधिकाऱ्यांपैकी ब्रेकनचा सर जॉन प्राइस हा एक होता, आणि सेंट डेव्हिड्सच्या कॅथीड्रलच्या खजिनदाराकडून ही पोथी त्याच्या हाती आली, असे मानतात. मठ मोडणाऱ्यांपैकी एकानेच पोथी वाचवली, आणि १५४६ मध्ये वेल्श भाषेतले पहिले छापील पुस्तकही त्यानेच काढले.

गणमात्रा यांचे उत्तर

शाईदौत यांनी कबरींच्या कडव्यांचा उल्लेख केलाच आहे, तर तोच धागा पुढे नेतो. कारण त्या कडव्यांच्या छंदांना पुढे याच शहरात मोठा धक्का बसला.

आयस्टेदवोद म्हणजे कवी आणि वादक यांची स्पर्धा. तिची पहिली नोंद ११७६ मधली, कार्डिगनच्या किल्ल्यातील, लॉर्ड रीस याच्या आश्रयाखालची आहे. कार्मार्दनची आयस्टेदवोद त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, १४५१ च्या सुमारास भरली. यजमान होता ग्रिफिद आप निकोलस, त्या काळचा दक्षिण-पश्चिम वेल्समधील सर्वांत प्रबळ पुरुष. केवळ बक्षिसे वाटण्यासाठी ही सभा नव्हती. कवित्व हा तेव्हा शिकून, परीक्षा देऊन मिळवायचा व्यवसाय होता, आणि अर्धवट शिकलेले भाट सरदारांच्या घरी बिदागी मागत फिरतात, ही पदवीधर कवींची जुनी तक्रार होती. परीक्षा अवघड केली की गर्दी आपोआप कमी होईल, असा तो हिशेब.

चांदीच्या खुर्चीचे बक्षीस उत्तरेकडील दाविद आब एडमंड याने मिळवले आणि त्याच सभेत त्याने छंदशास्त्राची नवी मांडणी मान्य करून घेतली. वेल्श काव्यात कंगहानेद नावाची व्यवस्था आहे. ओळीच्या पहिल्या भागातील व्यंजने त्याच क्रमाने दुसऱ्या भागात यावीत, किंवा ओळीच्या पोटात यमक साधावे, असे तिचे नियम असतात. आपल्याकडे अनुप्रास हा अलंकार आहे, हवा तर घ्यावा नाहीतर सोडावा. तेथे तो कायदा आहे. दाविदने हा कायदा आणखी कडक केला. चोवीस अधिकृत छंदांची संख्या त्याने तशीच ठेवली, पण त्यांतील तीन ओळींचे दोन जुने, सुटसुटीत छंद काढून टाकले आणि त्यांच्या जागी स्वतः रचलेले दोन अतिशय बिकट छंद घातले. काढून टाकलेल्या छंदांतच काळ्या ग्रंथातील कबरींची कडवी रचलेली आहेत. म्हणजे कार्मार्दनच्या मठाशी जोडलेल्या पोथीत जे जपले गेले, ते दोनशे वर्षांनी कार्मार्दनच्याच सभेत कवींच्या अभ्यासक्रमातून बाद झाले. दाविद मोठा कारागीर होता याबद्दल वाद नाही. पण बंदी घातलेले छंद वाचले आणि नंतर त्याने शोधलेले छंद वाचले, तर माझे मत बंदी घातलेल्यांच्या बाजूने पडते.

या निर्णयाला एक विलक्षण शेपूट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅमॉर्गनमधला एक पाथरवट, योलो मोर्गानुग या टोपणनावाने लिहिणारा, पुढे आला. जुन्या हस्तलिखितांचे त्याचे ज्ञान त्या काळात अजोड होते, आणि तितक्याच सफाईने तो नवी ‘जुनी’ हस्तलिखितेही तयार करीत असे. त्याने असे प्रतिपादन केले, की कार्मार्दनच्या सभेत ग्लॅमॉर्गनच्या कवींनी दाविदच्या मांडणीचा निषेध केला आणि त्याहून प्राचीन अशी स्वतःची छंदव्यवस्था गुपचूप जपून ठेवली. ती ‘प्राचीन’ व्यवस्था योलोनेच घरी बसून रचली होती. १७८९ मध्ये चौदाव्या शतकातील श्रेष्ठ कवी दाविद आप ग्विलिम याच्या कविता प्रथम छापल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या परिशिष्टातही योलोने स्वतः केलेल्या कविता त्या कवीच्या नावावर घुसवल्या होत्या. त्या इतक्या चांगल्या होत्या, की रसिकांनी त्याच अधिक पसंत केल्या. विसाव्या शतकात प्राध्यापक जी. जे. विल्यम्स यांनी चिकाटीने हे सगळे उघडकीस आणले.

हाच योलो जुलै १८१९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, कार्मार्दनला आला. सेंट डेव्हिड्सचे बिशप टॉमस बर्जेस यांच्या पाठिंब्याने तेथील आयव्ही बुश या खाणावळीत प्रादेशिक आयस्टेदवोद भरली होती. योलोने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर गोरसेद नावाचा कवींचा सोहळा सुरू केला होता. दगडांचे वर्तुळ, उपाध्यांप्रमाणे रंगीत फिती, म्यानातून अर्धवट काढलेली तलवार, असे सगळे त्याच्या कल्पनेतले आणि सगळे ड्रुइडांच्या, म्हणजे रोमनपूर्व ब्रिटनमधील पुरोहितांच्या काळापासून चालत आलेले म्हणून सांगितलेले. तो सोहळा त्याने आयव्ही बुशच्या बागेत पार पाडला. वर्तुळासाठीचे खडे त्याने खिशातून काढले, असे सांगतात. त्या दिवसापासून गोरसेद आणि आयस्टेदवोद यांची जी गाठ पडली ती आजतागायत सुटलेली नाही. दर वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आयस्टेदवोदमध्ये झगे घातलेले कवी खुर्ची आणि मुकुट देतात, तेव्हा जो समारंभ लाखो लोक बघतात तो एका बनावटकाराने रचलेला आणि कार्मार्दनच्या एका खाणावळीत आयस्टेदवोदला जोडलेला आहे. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही कोणी तो बंद करा म्हणत नाही. ते योग्यच आहे, असे मला वाटते.

पानोपानी

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. टिपणाचा आराखडाच बदलला. एक शंका उरते. मठातला लेखनिक, सरदाराच्या सभेतले पदवीधर कवी, बिशपच्या पाठिंब्याने भरलेली स्पर्धा, हे सगळे वरच्या वर्तुळातले झाले. शहरातील आणि भोवतालच्या खेड्यांतील सामान्य माणसापर्यंत वेल्श भाषेतले पुस्तक केव्हा पोहोचले, आणि त्यात या शहराचा काही वाटा होता का?

खिळेजुळारी यांचे उत्तर

वाटा फार मोठा होता, आणि माझ्या मते कार्मार्दनच्या साहित्यिक जीवनाचा गाभा तोच आहे. वर सांगितलेल्या सभा आणि सोहळे मनोरंजक आहेत, पण ते चार-दोन दिवसांचे. छापखान्यांचे काम मात्र दीडशे-दोनशे वर्षे रोज चालले होते.

थोडे मागून सुरुवात करावी लागेल. १५६३ च्या कायद्याने बायबल आणि प्रार्थनापुस्तक यांचे वेल्श भाषांतर १ मार्च १५६७ पर्यंत तयार करण्याची जबाबदारी बिशपांवर टाकली होती. सेंट डेव्हिड्सचे बिशप रिचर्ड डेव्हिस हे कार्मार्दनपासून अगदी जवळ, अबरग्विली येथील वाड्यात राहत. त्यांनी विल्यम सॉल्सबरी या विद्वानाला तेथे बोलावून घेतले आणि नव्या कराराचा बहुतेक भाग सॉल्सबरीने, काही भाग स्वतः डेव्हिस यांनी आणि शेवटचे प्रकटीकरणाचे पुस्तक टॉमस ह्यूएट यांनी वेल्शमध्ये आणले. छपाई १५६७ मध्ये लंडनला झाली. या कामाची पार्श्वभूमी विसरू नये. बाराच वर्षांपूर्वी, ३० मार्च १५५५ रोजी, याच धर्मप्रांताचे आधीचे बिशप रॉबर्ट फेरर यांना मेरी राणीच्या राजवटीत कार्मार्दनच्या बाजारचौकात जिवंत जाळण्यात आले होते. पुढचे बिशप त्या चौकापासून थोड्याच अंतरावर बसून लोकांच्या भाषेतला धर्मग्रंथ सिद्ध करीत होते.

सॉल्सबरीचे वेल्श सुंदर होते, पण त्याचे शुद्धलेखन विक्षिप्त होते. शब्दांचे लॅटिन मूळ दिसावे म्हणून तो ते उच्चाराप्रमाणे न लिहिता जुन्या वळणाने लिही, आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचणाऱ्या पाळकाची त्यामुळे तारांबळ उडे. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल आणले, तेव्हा नव्या करारासाठी सॉल्सबरीचेच भाषांतर घेऊन त्यातील हे लेखन त्यांनी सुधारले. आधुनिक वेल्श गद्याचे प्रमाण त्या १५८८ च्या ग्रंथाने ठरले, एवढेच सांगून पुढे जातो. तो विषय वेगळा आहे.

छपाई वेल्समध्ये येऊ शकली ती १६९५ नंतर, कारण तोवर कायद्याने मुद्रणाला लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा मोजक्या शहरांबाहेर परवानगी नव्हती. वेल्समधील पहिला कायदेशीर छापखाना आयझॅक कार्टर याने १७१८ मध्ये टायवी नदीकाठी, न्यूकासल एमलिनच्या समोरच्या त्रेव्हेडिन या वस्तीत घातला. कार्मार्दनमध्ये निकोलस टॉमस याचा छापखाना १७२१ मध्ये सुरू झाला आणि कार्टरनेही काही वर्षांतच आपला व्यवसाय तेथे हलवला. कार्मार्दन हे त्या काळी वेल्समधील मोठ्या शहरांत गणले जाई. टॉवीवरून जहाजे आत येत, म्हणजे कागद आणणे सोपे, आणि बाजाराला चहूकडून माणसे येत, म्हणजे पुस्तके खेड्यांत नेणे सोपे.

पण केवळ बंदर असून ग्राहक मिळत नाहीत. ते मिळाले शाळांमुळे. शहराच्या पश्चिमेस लानदाउरोर नावाचे खेडे आहे. तेथील पाळक ग्रिफिथ जोन्स यांनी १७३० च्या दशकात फिरत्या शाळा सुरू केल्या. शिक्षक एका गावात हिवाळ्याचे तीनेक महिने राहून मुलांना दिवसा आणि कामकरी प्रौढांना रात्री वेल्श वाचायला शिकवी, आणि मग पुढच्या गावी जाई. लेखन नाही, गणित नाही, इंग्रजी नाही, फक्त वाचन. त्यामुळे काम झपाट्याने होई. जोन्स यांचे निधन १७६१ मध्ये झाले, तोवर या शाळांतून शिकलेल्यांची संख्या त्यांच्या वार्षिक अहवालांतील नोंदींनुसार दीड लाखांच्या पुढे गेली होती. सगळ्या वेल्सची लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्या आसपास असावी, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. एवढ्या वाचकांना पुस्तके हवी होती आणि ती छापून देणारे जवळचे शहर कार्मार्दन होते.

मेथडिस्ट या ख्रिस्ती धर्मजागृतीच्या चळवळीचा महाकवी विल्यम विल्यम्स, ज्याला त्याच्या शेताच्या नावावरून पंतकेलिन म्हणतात, याच परगण्यातला. त्याची स्तोत्रे आणि पुस्तके कार्मार्दनच्या छापखान्यांतून निघाली, खेचराच्या पाठीवरून नव्हे तर प्रवचनकारांच्या खिशांतून घरोघर गेली, आणि वाचता न येणाऱ्यांनी ऐकून पाठ केली. १७७० मध्ये जॉन रॉस या स्कॉटलंडहून आलेल्या मुद्रकाने पीटर विल्यम्स यांचे बायबल कार्मार्दनला छापले. वेल्सच्या भूमीवर छापलेले ते पहिले बायबल. प्रत्येक अध्यायाला पीटर विल्यम्स यांनी टीप जोडली होती. बायबल छापण्याचा हक्क राजमुद्रक आणि दोन विद्यापीठे यांच्यापुरता राखीव असला, तरी टिपांसह काढलेली आवृत्ती त्या मक्तेदारीबाहेर समजली जाई, हेही त्यामागचे व्यवहारी कारण असावे, असे मला वाटते. ज्या टिपांमुळे हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वेल्श कुटुंबांत मानाने ठेवला गेला, त्यांतल्याच एका टिपेवरून, त्रैक्याच्या सिद्धांताला धक्का लागतो म्हणून, म्हाताऱ्या पीटर विल्यम्सना १७९१ मध्ये मेथडिस्टांनी बाहेर काढले. ग्रंथ घरात राहिला, ग्रंथकार दाराबाहेर गेला.

एकोणिसाव्या शतकात विल्यम स्परेल यांनी १८४० मध्ये या शहरात छापखाना काढला आणि १८४८ मध्ये वेल्श–इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यांचे कोश पुढे इतके रुळले, की ‘स्परेल’ हे नाव विसाव्या शतकातही वेल्श शब्दकोशांच्या मुखपृष्ठावर टिकून होते. १८१० मध्ये येथे सुरू झालेले ‘कार्मार्दन जर्नल’ हे आजही निघत असलेल्या वेल्समधील वृत्तपत्रांत सर्वांत जुने. हे दोन्ही इंग्रजीशी व्यवहार करणारे उद्योग होते, ही गोष्टही विचार करण्यासारखी आहे, कारण तोवर शहर दुभाषी झाले होते.

तिऱ्हाईत यांचे उत्तर

वरील सर्व मान्य करूनही एक बाजू राहून जाते असे वाटते. या शहरात इंग्रजी लेखनाचीही एक पातळ पण सलग रेघ आहे, आणि वेल्श साहित्याचे प्रेमी ती झाकतात. ‘टॅटलर’ आणि ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकांतून इंग्रजी निबंधाला वळण देणारा रिचर्ड स्टील कर्जाने आणि आजाराने खचल्यावर कार्मार्दनला येऊन राहिला. त्याची दुसरी पत्नी मेरी स्कर्लॉक हिची मालमत्ता तेथे जवळच होती. १ सप्टेंबर १७२९ रोजी तो तेथेच वारला आणि सेंट पीटर्स चर्चमध्ये त्याला पुरले. मेरीला लिहिलेली त्याची चिठ्ठीवजा पत्रे, घरी यायला उशीर होईल, थोडे पैसे पाठवतो आहे, अशा मजकुराची, त्याच्या निबंधांइतकीच वाचनीय आहेत. तुम्हाला मोठ्या लेखकाची कबर हवी होती. ती येथे आहे. ‘स्पेक्टेटर’चा हा कर्ता शेवटची वर्षे ज्या शहरात होता, तेथेच वेल्श छापखाने नुकतेच बसत होते, पण या दोन जगांची गाठ पडल्याचे काही दिसत नाही. व्हिक्टोरियन काळात भरपूर खपलेला इंग्रजी कवी लुइस मॉरिस हाही कार्मार्दनचाच, १८३३ चा जन्म. त्याला आता कोणी वाचत नाही, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

खिळेजुळारी यांनी छपाईला गाभा म्हटले आहे, त्याच्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. या छापखान्यांतून निघालेल्या पुस्तकांतील फार मोठा भाग प्रवचने, स्तोत्रे आणि धर्मवाद यांचा होता. त्याने वाचक घडवले, हे खरे. पण कथा, विनोद, ऐहिक कविता यांना त्या वातावरणात बराच काळ जागा मिळाली नाही, हेही तितकेच खरे. काळ्या ग्रंथाच्या लेखनिकाने धार्मिक कवितांशेजारी डुकराच्या पिलाशी बोलणारा वेडा बसवला होता. तो मोकळेपणा अठराव्या शतकातील मुद्रकांना परवडला नाही.

शाईदौत

तिऱ्हाईत यांच्या शेवटच्या वाक्याला एक पुरवणी जोडतो. तो मोकळेपणा सर्वांनाच रुचला नव्हता. २०१५ मध्ये केंब्रिजच्या दोन अभ्यासकांनी काळ्या ग्रंथाची पाने अतिनील प्रकाशाखाली पाहिली, तेव्हा समासांत खोडून टाकलेले चेहरे आणि पुसलेल्या काव्यपंक्ती दिसू लागल्या. मध्ययुगातील वाचकांनी पोथीत भर घातली होती, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या मालकाने, बहुधा जॅस्पर ग्रिफिथ याने, ती सारी भर घासून काढली होती. पोथी स्वच्छ करण्याच्या भरात त्याने काही ओळी कायमच्या घालवल्या असाव्यात.

पानोपानी

स्टीलची कबर आणि पुसलेले चेहरे, दोन्ही टिपणात येतील. आता शेवटचे विचारतो. आमच्या गटातील काही जण पुढे तिकडे जाणार आहेत. या सगळ्यापैकी प्रत्यक्ष पाहण्यासारखे काय उरले आहे?

गणमात्रा

पोथी कार्मार्दनमध्ये नाही, हे त्यांना आधीच सांगा. ती सतराव्या शतकात हेंगुर्टच्या रॉबर्ट वॉनच्या संग्रहात गेली, आणि सर जॉन विल्यम्स या डॉक्टरांनी तो संग्रह मिळवून नव्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्यामुळे आता ॲबरिस्टविथला आहे. कार्मार्दन ते ॲबरिस्टविथ ही रेल्वे १९६५ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली, तेव्हा बसने जावे लागते. अर्थात ग्रंथालयाने पोथीच्या सर्व पानांची छायाचित्रे संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, आणि काचेआडच्या एका उघड्या पानापेक्षा ती अधिक उपयोगी पडतील.

शहरात मठाच्या जागी फारसे काही दिसत नाही. आयव्ही बुश हॉटेलमध्ये १८१९ च्या सभेची आठवण म्हणून केलेली रंगीत काचेची खिडकी आहे, ती विचारल्यास पाहता येते. सेंट पीटर्स चर्च तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि नॉट चौकात फेरर यांच्या मृत्यूची नोंद करणारा फलक आहे. अबरग्विलीचा बिशपांचा वाडा आता परगण्याचे संग्रहालय झाला आहे. नव्या कराराचे भाषांतर जेथे झाले ती जागा म्हणून तो पाहावाच, आणि ओकच्या झाडाचा तुकडाही तेथेच ठेवलेला आहे. जवळच मर्लिनच्या नावाची टेकडी आहे. तिच्यावरचा किल्ला लोहयुगातला, म्हणजे रोमनांच्याही आधीचा. वेळ कमी असेल तर टेकडी सोडावी आणि वाड्याला अर्धा दिवस द्यावा.